स्वयंपाकघरातील जुनी कपाटे स्वतः मढवताना : अनुभव धागा

ओट्याखालची जुनी कपाटे मोडून टाकण्याऐवजी त्यांचे सांगाडे तसेच ठेवून फक्त दारे आणि दर्शनी कडा नव्याने मढवण्याचे काम ज्यांनी स्वतःच्या हाताने केले आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. काय टिकले आणि काय टिकले नाही, हे सविस्तर सांगावे, ही विनंती.

पुणे : हा निर्णय सांगाडा पाहूनच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. सिंकखालच्या तळफळीत टोचा खुपसून पाहिला, प्लाय सगळीकडे टणक लागले, तेव्हाच मी सनमायका आणली. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) पाण्याने एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, त्यामुळे तशा फळीवर खर्च करू नये. आमची जुनी सनमायका कुठेही सुटलेली नव्हती, म्हणून ती न काढता ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून घेतली. सर्वाधिक वेळ लागला तो त्याआधीच्या धुण्याला. शेगडीजवळच्या दारांवर फोडणीच्या तेलाचा चिकट थर साचलेला असतो आणि धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तो पूर्ण निघाल्याशिवाय वरचे काहीही धरत नाही.

डोंबिवली : मी चिकटवण्याविषयी लिहितो, कारण सारे काम तेथेच साधते किंवा बिघडते. कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह (टेकताक्षणी पकडणारा गोंद) दोन्ही पृष्ठभागांना लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू द्यावे लागते, आणि एकदा टेकलेली सनमायका नंतर तसूभरही सरकवता येत नाही. म्हणून दारावर बारीक लाकडी पट्ट्या आडव्या मांडल्या, त्यांवर चारही बाजूंनी थोडी बाहेर राहील अशी सनमायका ठेवली आणि मधली पट्टी आधी काढून तेथून कडांकडे दाबत गेलो. बाहेर राहिलेला भाग कानशीने, हात नेहमी सनमायकेकडून प्लायकडे नेत, घासला. उलट घासल्यास कड टवकते. बिजागरीची सैल झालेली भोके फेविकॉलमध्ये बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्यांनी भरली आणि वाळल्यावर स्क्रू पुन्हा घट्ट बसले. हे अ‍ॅडेसिव्ह पेट घेणारे आहे. काम सुरू करण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि देवघर स्वयंपाकघरात असेल तर त्या वेळी निरांजनही लावू नये.

न्यू जर्सी : येथील जुन्या कपाटांना पुढून लाकडी चौकट असते. त्या चौकटीवर व्हीनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवले आणि दारे मापाप्रमाणे नवी मागवली. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरातील रंगवलेली कपाटे तपासणी केल्याशिवाय कोरडी घासू नयेत, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

मडगाव : आम्ही सनमायका न लावता सागवानी दारे घासून रंगवली. पावसाळ्यात दमट हवेमुळे रंग वाळायला फार वेळ घेतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढले. दारांच्या खालच्या कडा दिसत नाहीत म्हणून बहुतेक जण तशाच सोडतात; ओट्यावरून ओघळलेले पाणी नेमके तेथेच थांबते, त्यामुळे दारे उतरवून त्या कडांना प्रायमरचे आणि रंगाचे दोन-दोन हात द्यावेत.