सक्तीची, अनिवार्य की बंधनकारक? नव्या लशीबद्दल विचारताना कोणता शब्द?

पारिजात:
एका प्रश्नावलीचं मराठी करते आहे. नवी लस 'मँडेटरी' करावी का, यावर लोकांची मतं मागवायची आहेत. मी लिहिलं होतं, 'ही लस सक्तीची असावी असे आपल्याला वाटते का?' तपासणाऱ्या बाईंनी 'सक्तीची' खोडून 'अनिवार्य' केलं आणि शेजारी शेरा मारला, 'सक्ती म्हटलं की माणूस वाचायच्या आतच नाही म्हणतो.' मला नेमकं उलटं वाटतं. 'अनिवार्य' म्हटलं की हा निर्णय कुणीतरी घेणार आहे, ही गोष्टच झाकली जाते. वर मूळ मजकुरात 'मँडेटरी', 'कम्पल्सरी' आणि 'रिक्वायर्ड' असे तीन शब्द तीन ठिकाणी मुद्दाम वेगळे वापरलेत. तिन्हीकडे एकच मराठी शब्द घातला तर दोन प्रश्न अगदी सारखे होतात. तुम्ही काय वापराल?

निरगाठ:
तुमचंच बरोबर. अनिवार्य म्हणजे ज्याचं निवारण करता येत नाही ते. म्हातारपण अनिवार्य असतं. लस ही रोगाच्या निवारणासाठी, आणि तिलाच अनिवार्य म्हणायचं, हे कानाला खटकतं. या अर्थाने हा शब्द हिंदीतून, सरकारी कागदांवाटे आपल्याकडे पसरला असं मला वाटतं. जुन्या मराठीत 'अनिवार' ओढ असते, अश्रू अनिवार होतात. तिथे हुकूम कुणाचाच नसतो.

भाषाव्रती:
अनिवार्य निदान आपल्या घरचा शब्द आहे. सक्ती फारसी. संस्कृतातून नेमका शब्द मिळत असताना उसनवारी कशाला? अर्थ पटत नसेल तर 'बंधनकारक' घ्या.

सुरवंट:
सक्ती फारसी कशी? 'शक्ती'चंच बोलीतलं रूप आहे ते. बळ लावून करवून घेणं म्हणजे शक्ती करणं. आमच्याकडे जुनी माणसं 'सगती' म्हणतात, तीच ही.

निरगाठ:
सुरवंट, 'सगती' शक्तीवरून आली असेल, पण 'सक्ती' तिथली नाही. फारसीत 'सख्त' म्हणजे कठीण, कडक, आणि 'सख्ती' म्हणजे कडकपणा. आपल्याकडचं अख्खं कुटुंब बघा: सक्तमजुरी, सक्त ताकीद, सक्त मनाई, सक्तवसुली. यातल्या एकाही ठिकाणी 'शक्त' घालून अर्थ लागत नाही. संस्कृतातही 'सक्त' आहे, पण त्याचा अर्थ चिकटलेला. आसक्त त्यातूनच आला. त्याचा इथे संबंध नाही.

आणि भाषाव्रती, बंधनकारक करार असतो, निकाल असतो. 'हा निर्णय दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहे' हे ठीक. 'लस बंधनकारक आहे' या वाक्यात बांधतं कोण, लस?

उभाआडवा:
व्युत्पत्ती जरा बाजूला ठेवून एक विचारतो. लस घेतली नाही तर पुढे काय होणार, हे तुमच्या प्रश्नावलीत लिहिलंय का? शब्द त्यावर ठरेल.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज शहरात, देवीची साथ असताना जेकबसन नावाच्या पाद्रीने लस घ्यायला नकार दिला. त्याला ५ डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९०५ साली निकाल राज्याच्या बाजूने लागला. पण कुणी त्याचा दंड धरून त्याला लस टोचली नाही. त्याने भरायचा होता तो पैशांचा दंड. याला मी सक्ती म्हणेन.

इटलीने २०१७ मध्ये मुलांच्या सक्तीच्या लशी ४ वरून १० केल्या. त्या घेतल्या नसतील तर बालवाडीत प्रवेश नाही. मोठ्या मुलांना शाळेत घेतात, पण पालकांना दंड होऊ शकतो. म्हणजे एकाच कायद्यात लहानांसाठी 'अट' आहे आणि मोठ्यांसाठी 'सक्ती'. आणि खरोखर हात पिरगाळून टोचली तर ती 'बळजबरी'. मराठीत हे तीन शब्द वेगवेगळे आहेतच की. तुमच्या 'रिक्वायर्ड'ला 'अट' चपखल बसेल.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात हीच रेघ ओढली. कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, कारण स्वतःच्या शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये येतो. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार काही निर्बंध घालू शकतं, ते प्रमाणात असले पाहिजेत. 'भाग पाडणं' आणि 'निर्बंध घालणं' या दोन गोष्टी आहेत. 'अनिवार्य' हा एकच शब्द दोन्हींवर पांघरला तर लोक कशाला हो म्हणताहेत, हे त्यांनाही कळणार नाही.

पारिजात:
उभाआडवा, 'अट' फार आवडला. पण 'मँडेटरी' आणि 'कम्पल्सरी'चं काय करू? आणि नाही घेतली तर काय, हे मूळ प्रश्नावलीत कुठेच नाही. दंड किती, सूट कुणाला, एक शब्द नाही.

मृण्मयी:
मग दोष अनुवादाचा नाही, प्रश्नाचा आहे. ते कळवाच त्यांना.

सक्ती या शब्दाला इथे उगाच वाईट ठरवलं जातंय. 'मोफत व सक्तीचे शिक्षण' आपण किती अभिमानाने म्हणतो! महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तेच मागितलं. गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणलं ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचंच. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात ते लागूही केलं, मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठेवून. ज्यांच्यासाठी शाळेचं दार बंद होतं त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनी सक्ती मागितली होती.

आणि २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा बघा. त्यात 'सक्तीचे शिक्षण' याचा अर्थच असा दिलाय की शिक्षण पुरवणं, मुलाचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, ही सरकारची जबाबदारी. म्हणजे सक्ती आहे ती सरकारवर! लशीबाबत हा प्रश्न कुणी विचारतच नाही. लस सक्तीची करायची तर ती प्रत्येकापर्यंत पोचवायची, फुकट द्यायची, कुणाला त्रास झाला तर उपचार करायचे, ही सक्ती कुणावर? मला तर दोन प्रश्न हवेत. नागरिकावर सक्ती असावी का, आणि सरकारवर असावी का.

सुरवंट:
हे पटलं. पण शंभर वर्षांपूर्वीची सक्ती आणि आजची सक्ती एकाच वजनाची राहिलेली नाही. वर्तमानपत्रात आता हा शब्द नामाच्या शेपटीला लागून येतो: हेल्मेटसक्ती, हिंदीसक्ती, लससक्ती. आणि पुढचा शब्द बहुतेक 'विरोध' असतो. शब्दाला चिकटलेली ही चीड कोशात सापडणार नाही, पण उत्तर देणाऱ्याच्या मनात ती असतेच. तपासणाऱ्या बाईंचा शेरा मला उगाच वाटत नाही.

भाषाव्रती:
कायद्यात घुसला म्हणून शब्द शुद्ध होत नाही. शिवरायांच्या काळात राजव्यवहारकोश सिद्ध झाला तो दरबारातले फारसी शब्द बदलण्यासाठीच. 'महापौर', 'दिनांक' हे शब्द आज कुणाला परके वाटतात? लोकांनी वापरायचं ठरवलं की रुळतात. मी तळमळीने सांगतो आहे, चेष्टेचा विषय करू नका.

निरगाठ:
चेष्टा कुणी करत नाहीये. दिनांक रुळला खरा, पण तारीख गेली का? बोलताना सगळे तारीखच विचारतात. तुमच्या 'लोकांनी वापरायचं ठरवलं की' या वाक्यात सगळं आलं. लोकांनी सक्ती वापरायचं कधीच ठरवलंय.

आबा_वाचतात:
माझ्या लहानपणी यातला एकही शब्द नव्हता. 'देवी काढायच्या आहेत' एवढंच म्हणायचे. लस टोचणे हे नंतरचं, आम्ही देवी काढून घ्यायचो. माणूस शाळेत यायचा, दंडावर औषधाचा थेंब ठेवायचा, आणि बारीक दातांची एक लोखंडी चकती त्यावर टेकवून गर्रकन फिरवायचा. पुढे दोन टोकांची सुई आली, तिने त्याच जागी भराभर टोचायचे. आठवड्याभरात फोड यायचा, खपली पडायची आणि वण राहायचा. माझ्या दंडावर तो अजून आहे.

'काढायच्या आहेत' हे वाक्य नीट बघा. कोण काढणार, कोणी सांगितलं, नको म्हटलं तर काय, काहीच नाही त्यात. तरी कायदा होता बरं! लहान मुलांना देवी टोचणं भाग पाडता यावं म्हणून इंग्रजांनी १८८० मध्येच तो केला होता, ज्या भागांना लागू करतील त्यांच्यापुरता. पण घरात कायद्याची भाषा आली नाही. काही घरांत मुलं माळ्यावर लपवायचे, तिथेही 'देवी काढणारा आलाय' हेच शब्द. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी राहिला नाही, १९८० मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं, आणि हा वाक्प्रचारही गेला. माझ्या नातीला तो समजावून सांगावा लागला.

म्हणून मला वाटतं नाम शोधूच नका, क्रियापद वापरा. 'ही लस सगळ्यांनी घेतलीच पाहिजे, असा कायदा असावा का?' आमच्या पिढीतल्या कुणालाही कळेल.

मृण्मयी:
आबा, किती सरळ! आणि मराठीत तर पायऱ्या आहेत: घ्यावी, घ्यायला हवी, घेतली पाहिजे, घ्यावी लागेल, घ्यावीच लागेल. पहिल्या तीन सांगण्याच्या, शेवटच्या दोन लादण्याच्या.

पारिजात:
आबा, मनापासून आभार. फक्त प्रश्नावलीत तोच शब्द तक्त्याच्या मथळ्यातही येतो, तिथे नाम लागणारच. बाकी कुणी 'लसीची' लिहिलं नाही, सगळ्यांनी 'लशी'च लिहिलं, हे बघून बरं वाटलं. माझ्या मसुद्यात तपासणाऱ्या बाईंनी तेही बदललंय.

उभाआडवा:
त्यांनी 'लसीची' केलं असेल तर मी त्यांच्या बाजूने. 'लसीकरण' लिहितो ना आपण? मग लसीची, लसीमुळे. एका परिच्छेदात स आणि श दोन्ही कशाला?

निरगाठ:
अजिबात नाही! म्हैस, म्हशीचं. कूस, कुशीत. मूस, मुशीतून. घूस, घुशी. तशीच लस, लशीचा. ईकारान्त होताना स चा श होतो, हा आपल्या जिभेचाच नियम आहे. 'म्हैसीचं दूध' कुणी म्हणतं का?

लसीकरणातला 'ई' वेगळा. शुद्धीकरण, सरलीकरण यांत जो आहे तो. त्याचा सामान्यरूपाशी काही संबंध नाही, म्हणून तिथे स राहतो.

भाषाव्रती:
आणि म्हणूनच लसीकरण हा शब्दच चुकीचा आहे. हा 'ई' तेव्हा लागतो जेव्हा जे नव्हतं ते होतं. अशुद्धाचं शुद्ध होतं ते शुद्धीकरण. तर लसीकरण म्हणजे माणसाची लस करणं! 'लसटोचणी' म्हणा. शब्द मराठी, अर्थ स्वच्छ.

सुरवंट:
डांबरीकरणात रस्त्याचं डांबर होतं का? विद्युतीकरणात गावाची वीज होते का? मराठीत '-ईकरण' म्हणजे ती गोष्ट लावणं, पोचवणं असा अर्थ केव्हाच झालाय. आणि 'टोचणी' मनाला लागते. सरकारी मोहिमेला ते नाव दिलं तर लोक दारंच लावून घेतील. शिवाय पोलिओचे थेंब कोण टोचतं? ते तोंडात घालतात, तेही लसीकरणच.

उभाआडवा:
थेंबांचा मुद्दा बिनतोड. पण लशी-लसीचं अजून पटलं नाही. 'बस'चं बशीत होतं का? नव्या शब्दांना जुने नियम लावू नयेत.

निरगाठ:
लस नवा शब्द नाही. जखमेतून वाहते ती पातळ चिकट लस, हा अर्थ आधीचा. गुजरातीत 'रसी' म्हणजे पूही आणि लसही. आपल्याकडेही फोडातल्या द्रवाचं नाव औषधाला मिळालं. बस मात्र परकी, तिला सामान्यरूपच होत नाही.

मृण्मयी:
या सगळ्यात लस घेतलेल्या माणसाचा शब्द राहिलाच. 'लसवंत' तुम्हाला कसा वाटतो? मला सुरेख वाटतो, गुणवंत, धनवंत सारखा.

भाषाव्रती:
घडण निर्दोष. आनंदाने मान्य.

सुरवंट:
मला तो मान्य नाही. गुणवंत, धनवंत म्हणजे काहीतरी मिरवण्याजोगं असलेला. मग ज्याने घेतली नाही तो कोण, 'लसहीन'? गुणहीन, धनहीन यांच्या रांगेत? सक्ती असावी की नको हे अजून ठरायचं आहे, आणि शब्दाने आधीच एकाला वर बसवलं, दुसऱ्याला खाली.

मृण्मयी:
हे ऐकून मला वेगळीच अडचण दिसते. 'लस न घेतलेला' या एका शब्दप्रयोगात तीन माणसं आहेत. एकाने विचार करून नाकारली. एकाला डॉक्टरांनीच घेऊ नका सांगितलंय. आणि एक तीनदा केंद्रावर जाऊन साठा संपला म्हणून परत आलाय. इंग्लंडमध्ये १८९८ च्या कायद्याने पहिल्याला वेगळं काढलं, सदसद्विवेकाने नकार देणारा म्हणून त्याला सूट दिली. उरलेल्या दोघांना मराठीत काय म्हणायचं? दंड लावायची वेळ आली तर तिघांना एका नावाने हाक मारून चालणार नाही.

उभाआडवा:
पहिला 'नाकारणारा'. दुसरा 'सूटपात्र'. तिसऱ्यासाठी 'वंचित' म्हटलं असतं, पण त्या शब्दाला आता दुसरे अर्थ चिकटलेत.

निरगाठ:
'लस न मिळालेला'. याहून वेगळं काही करायची गरज नाही.

भाषाव्रती:
'अलब्धलस' असा समास होऊ शकतो.

आबा_वाचतात:
होऊ शकतो, पण केंद्रावरच्या बाईला तो यादीत लिहायचा आहे, आणि ज्याच्याबद्दल लिहायचा त्याला वाचता आला पाहिजे. मी निरगाठच्या बाजूने.