पाळी गेल्यानंतरची जळजळ, कोरडेपणा, लघवीचे त्रास : नाशिककर मैत्रिणींनो, अनुभव लिहा

मैत्रिणींनो, आमच्या गंगापूर रोडच्या सकाळच्या वॉकच्या ग्रुपमध्ये मेनोपॉजवर आता बऱ्यापैकी बोलणं होतं. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने गाऊन भिजतो, उगाच रडू येतं, गुडघे धरलेत, सगळं निघतं. पण कंबरेच्या खालचं काही निघालं की आवाज बारीक होतो आणि कोणीतरी "चला गं, उशीर होतोय" म्हणून पुढे चालायला लागतं. म्हणून मुद्दाम हा धागा काढतेय.

मला जे समजलंय आणि जे प्रत्येकीला माहीत असायला हवं असं मनापासून वाटतं ते आधी सांगते. वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत आपोआप कमी होतात, पण खालचा कोरडेपणा आणि आग तशी जात नाही, उपचार केले नाहीत तर राहते आणि बरेचदा वाढतच जाते. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, कमी झालं की योनीमार्गाचं अस्तर पातळ होतं, ओलावा कमी होतो, तिथली आम्लता टिकवणारे चांगले जंतू कमी होतात आणि नको ते जंतू शिरजोर होतात. मूत्रमार्गाला पण तेच इस्ट्रोजेन लागतं, म्हणून लघवीची जळजळ, घाई, वारंवार इन्फेक्शन हे सगळं जोडीने येतं. २०१४ पासून डॉक्टर या सगळ्याला मिळून जीएसएम म्हणतात, तुमच्या कागदावर दिसलं तर घाबरू नका. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते, म्हणजे पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं आणि ते "आता वयच झालं" म्हणत काढायचं हे मला अजिबात पटत नाही.

तर लिहा. नाव नको, एरिया लिहिला तरी चालेल. काय होत होतं, काय केलं, कशाने फरक पडला.

इंदिरानगर
मी सुरुवात करते. मला सारखी उन्हाळी लागायची. मे महिन्यात लागली तर काही वाटलं नाही, सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी सगळं चालू केलं, पण मग दिवाळीत पण तेच आणि जानेवारीच्या थंडीत पण तेच. दर वेळी अँटिबायोटिकचा कोर्स, आठ दिवस बरं की पुन्हा सुरू. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनीच म्हटलं की लघवीचं कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी) करू आणि तुम्ही एकदा गायनॅककडे जाऊन या. मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या अस्तर फार कोरडं आणि नाजूक झालंय, नुसत्या गोळ्यांनी हे थांबणार नाही. इस्ट्रिऑल क्रीम दिलं, ते इस्ट्रोजेनचंच, आतून लावायचं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा.

ट्यूबसोबत एक प्लास्टिकचं अ‍ॅप्लिकेटर येतं, त्यावर खूण असते, तेवढंच भरायचं, पाठीवर पडून गुडघे वर घेऊन हळूच आत घालायचं आणि दट्ट्या दाबायचा. नंतर कोमट पाणी आणि साबणाने अ‍ॅप्लिकेटर धुवून ठेवायचं. झोपताना लावलं की सकाळपर्यंत गळत नाही. आतला कागद वाचून मी घाबरलेच होते, त्यावर कॅन्सरपासून सगळं लिहिलेलं असतं. मॅडमनी समजावलं की तो इशारा मुख्यतः पोटातून घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांच्या अभ्यासावरून आलाय, हे क्रीम कमी डोसचं असतं, जागच्या जागी काम करतं आणि रक्तात फारच थोडं जातं. फरक पडायला काही आठवडे लागले, लगेच नाही. पण उन्हाळीचं सारखं सारखं येणं थांबलं. कोणी तुम्हाला पुन्हा पुन्हा फक्त अँटिबायोटिक देत असेल तर तपासून घ्या एवढंच कळकळीने सांगते.

नाशिकरोड
मी मुंबईला अपडाऊन करायचे, पंचवटी एक्सप्रेसने. ज्या करतात त्यांना माहितीये, लेडीज डब्यातून गर्दीत उठून टॉयलेटपर्यंत जाणं म्हणजे काय असतं. पाळी गेल्यावर मला लघवीची इतकी घाई व्हायला लागली की कसारा घाट यायच्या आत एकदा तरी जावंच लागायचं आणि गाडी मध्येच थांबली की जीव घाबराघुबरा. आमच्या डब्यातल्या कितीतरी बायका त्यासाठी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, चहासुद्धा नाही. हे फार वाईट आहे गं, लघवी घट्ट होते आणि आणखी जळजळते.

मला फिजिओथेरपिस्टने दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे कीगल. वारा सरताना अडवतो तसे खालचे स्नायू आत-वर ओढायचे, पाच ते दहा सेकंद धरायचे, तेवढाच वेळ सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास धरायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. मी पोटच आवळत होते असं त्यांनी हात लावून दाखवलं तेव्हा लक्षात आलं, त्यामुळे एकदा तरी कोणाकडून तपासून घ्या बरोबर करतोय का. लघवी करताना मध्येच अडवून रोजचा व्यायाम करायचा नाही, ते फक्त स्नायू कुठला हे कळायला एखाद वेळ. दुसरी गोष्ट, घाई झाली की लगेच पळायचं नाही, थांबायचं, स्नायू आवळायचे, लाट ओसरू द्यायची, आणि दोन वेळांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू वाढवत न्यायचं. साधारण तीन महिने नेटाने केलं की फरक कळतो, आधी नाही. आता शिंकलं तरी काही होत नाही.

सातपूर
माझी केस वेगळी आहे म्हणून लिहिते. मला भयंकर खाज आणि दह्यासारखं पांढरं जायचं. मेनोपॉजचंच समजून कोरडेपणाचं जेल लावत होते मैत्रिणीने सांगितलं म्हणून. तपासणीत बुरशीचं इन्फेक्शन निघालं आणि शुगर पण वाढलेली. वर माझ्या शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन होतं, त्या प्रकारच्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे बाहेर पडते त्यामुळे तिथे बुरशी वाढू शकते हे डॉक्टरांनी सांगितलं. ती गोळी हृदय-किडनीसाठी चांगली पण असते म्हणून मनाने बंद करायची नाही, त्यांनीच काय ते ठरवलं. ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी खाज आली की शुगर बघाच.

पिंपळगाव बसवंत जवळचं गाव
मी माझ्या मुलीकडून टाईप करून घेतेय. आमची द्राक्षाची बाग आहे. अंग बाहेर येतं माझं. आधी नुसतं जड वाटायचं, दिवसभर थिनिंगला (घडातले जास्तीचे मणी काढायला) उभी राहिले की संध्याकाळी काहीतरी खाली उतरल्यासारखं, मग हाताला गोळा लागायला लागला. लघवी पूर्ण व्हायची नाही, गोळा बोटाने वर ढकलला की मग व्हायची. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, जावेला पण नाही. सासूबाईंना पण होतं, त्या गेल्या तरी कोणाला कळलं नाही, फक्त मला धुणं धुताना कळलं होतं.

मुलीने नाशिकला नेलं. मला वाटलं पिशवीच काढतील. डॉक्टरबाईंनी सिलिकॉनची रिंग बसवली, त्याला पेसरी म्हणतात, ती आत राहून अंग वर धरून ठेवते. दुखत नाही, बसल्यावर कळत पण नाही. दर काही महिन्यांनी जाऊन काढून धुवून तपासून परत बसवायची, आणि सोबत ते क्रीम लावायचं म्हणजे आत जखम होत नाही. सीझन झाला की ऑपरेशनचं बघू म्हणाल्या, घाई नाही. क्रेट उचलू नका म्हणाल्या. ते आमच्यात कसं जमायचं, पण आता क्रेट पोरं उचलतात आणि मी पॅकिंगला बसते. बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही, कुंथायचं नाही, हे पण सांगितलं. बायांनो, गोळा बोटाने ढकलत बसू नका.

(धागाकर्ती : ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल किती आभार मानू. मुलीला पण शाबासकी सांगा.)

नाव-एरिया काहीच नको
नवऱ्याजवळ जायची भीती वाटायला लागली होती. काचा घुसल्यासारखं दुखायचं, नंतर दोन दिवस आग आणि कधी थोडं रक्त. मी टाळायला लागले, रात्री मुद्दाम किचनमध्ये उशीर करायचा, ओटा दोनदा पुसायचा. त्यांना वाटलं माझं मन उडालं. सोमेश्वरला फिरायला गेलो होतो तेव्हा शेवटी बोलले, की मन नाही उडालेलं, दुखतंय. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, अगं मग आधी सांगायचं नाही का, चल डॉक्टरकडे. ते स्वतः सोबत आले.

डॉक्टरांनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या, मला हे आधी माहीतच नव्हतं. लुब्रिकंट हे त्या वेळेपुरतं. मॉइश्चरायझर हे दर दोन-तीन दिवसांनी नियमित लावायचं, संबंध असो वा नसो, चेहऱ्याला क्रीम लावतो तसं. लुब्रिकंट पाण्याच्या बेसचं, सुगंध नसलेलं, गरम-गार वाटणारं तर नकोच. खोबरेल तेल बऱ्याच जणी वापरतात पण कंडोम वापरत असाल तर तेलाने तो फाटतो, आणि पाळी जाऊन बारा महिने झाले नसतील तर दिवस राहू शकतात हे विसरू नका. याने नाही भागलं म्हणून मलाही क्रीम चालू केलं, आणि मधले काही दिवस संबंध नकोच असं ठरवलं, नुसती जवळीक. त्याने भीती गेली. ज्यांना दुकानात मागायला लाजल्यासारखं होतं त्यांनी चिठ्ठीवर लिहून न्या किंवा प्रिस्क्रिप्शनवरच लिहून घ्या, काउंटरवरचा मुलगा काही विचारत नाही.

पंचवटी, रिटायर्ड स्टाफ नर्स
वरचं सगळं वाचलं, फार बरं वाटलं. माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात गेली, त्यावरून काही सांगते आणि हे जरा नीट वाचा.

आत काहीही घालून धुवायचं नाही. डेटॉलचं पाणी, तुरटीचं पाणी, व्ही-वॉश, लिंबू, काही नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. डेटॉलने सोलवटून आलेल्या बाया मी पाहिल्यात. आधीच कातडी पातळ झालेली असते त्यावर हे म्हणजे छळ आहे. रोज पॅड किंवा लायनर लावून ठेवल्याने पण खाज येते, सुती निकर, सैल, आणि रात्री नाही घातली तरी चालते.

पाळी जाऊन एक वर्ष झालं आणि मग कधीही, पुन्हा सांगते कधीही, एक डाग जरी दिसला तरी डॉक्टर. "पाळी परत आली वाटतं", "उष्णता झाली" असं म्हणून थांबू नका. बहुतेक वेळा कोरडेपणाच निघतो किंवा साधा पॉलिप (आतला छोटा कोंब), पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर सुरुवातीला असाच एखाद्या डागाने कळतो आणि तेव्हा पकडला तर बरा होतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात, ४ मिलिमीटरच्या वर असेल तर तुकडा काढून तपासतात. जाडी कमी असली आणि डाग पुन्हा येत असतील तरी पुन्हा जायचं.

तिसरं, बाहेरच्या भागावर पांढरे चट्टे, चमकदार पातळ कातडी, रात्री झोपू न देणारी खाज, हे लायकेन स्क्लेरोसस असू शकतं. कोड समजून बाया लपवतात. त्याला स्टिरॉइडचं मलम लागतं, तेही डॉक्टरांनी सांगितलं तसंच लावायचं, आणि दरवर्षी दाखवायचं कारण काही थोड्या जणींमध्ये पुढे कॅन्सर होतो. आरसा घेऊन महिन्यातून एकदा स्वतःचं बघावं, त्यात लाजायचं काय, आपलंच शरीर आहे.

आणि पाळी गेली म्हणून पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, बंद करायची नसते, साधारण ६५ पर्यंत डॉक्टर सांगतील तशी करत राहायची.

कॉलेज रोड
ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट झालेल्या कोणी असाल तर. माझ्या गोळ्या इस्ट्रोजेन पार खाली नेणाऱ्या आहेत, त्यामुळे कोरडेपणा भयंकर. मी वरची इस्ट्रोजेनची क्रीमं स्वतःहून वापरली नाहीत, ऑन्कोलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारलं. त्यांनी आधी हार्मोन नसलेलं हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल दिलं, माझं त्यावर भागतंय. ज्यांचं भागत नाही त्यांच्याबाबत ऑन्कोलॉजिस्ट आणि गायनॅक मिळून ठरवतात, सरसकट नाही असंही नसतं. फक्त विचारा. माझ्या बरोबरच्या एकीने तीन वर्षं सहन केलं आणि विचारलंच नाही, कारण डॉक्टर पुरुष होते.

देवळाली
माझी पिशवी आणि अंडाशय दोन्ही ३८ व्या वर्षी काढले. कोणी सांगितलंच नव्हतं की अंडाशय काढले की मेनोपॉज त्याच दिवशी सुरू होतो. बाकीच्यांना हळूहळू होतं ते मला एका आठवड्यात. पिशवी काढायला सांगितलं असेल तर विचारा, अंडाशय पण काढणार का, का, आणि नंतर हार्मोन द्यायचे का. लहान वयात काढले तर हाडांसाठी पण ते महत्त्वाचं असतं.

म्हसरूळ
मी ३१ ची आहे, आईसाठी वाचतेय. आई सप्तशृंगीला जायचं टाळते, पायऱ्यांमुळे नाही, लघवीमुळे, हे मला आज कळलं. तिला डॉक्टरकडे न्यायचंय पण ती म्हणते पुरुष डॉक्टर नको आणि तपासायला नको. काय करू?

धागाकर्ती
अगं, लेडी गायनॅक भरपूर आहेत नाशिकमध्ये, फोन करतानाच विचारून घे. पहिल्या भेटीत आतली तपासणी नको असेल तर तसं सांगता येतं, आधी नुसतं बोलणं, लघवीची तपासणी आणि शुगर एवढं करता येतं. जाताना दोन-तीन दिवसांचं लिहून ने, किती वेळा गेली, रात्री किती वेळा उठली, किती प्यायली, कपडे ओले झाले का. वहीचं एक पान पुरे. आणि केबिनमध्ये सुरुवातीला तूच बोल, "आईला लघवीचा त्रास आहे", एवढं एक वाक्य झालं की पुढचं त्या सांगतील. झाल्यावर इथे कळव.