अमेरिकेतून कॅनडात कायमचे जाताना गाडी सोबत न्यावी की विकून टाकावी?

एडिसनकर:
नमस्कार. आम्हा दोघांना कॅनडाची पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) मिळाली असून लवकरच आम्ही न्यू जर्सी सोडून ओंटारिओ प्रांतातल्या मिसिसागाला राहायला जात आहोत. आमची २०१९ ची होंडा सीआर-व्ही पत्नीच्या नावावर असून तिचे थोडे कर्ज फिटायचे आहे. गाडी उत्तम स्थितीत आहे, त्यामुळे ती विकवत नाही. घर शोधण्यासाठी मी आधी जाणार आहे आणि पत्नी मागाहून येईल. मीच गाडी चालवत नेली तर काही अडचण येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओंटारिओवासी:
गाडी जरूर आणा, मात्र तुम्ही योजलेला क्रम बदला. नव्याने स्थायिक होणाऱ्यांना घरगुती सामानावर सीमाशुल्क आणि जीएसटी माफ असतो. ही माफी ज्याची वस्तू त्याला मिळते, आणि ती वस्तू त्याच्या आगमनापूर्वी त्याच्या मालकीची, ताब्यात आणि वापरात असावी लागते. गाडी पत्नीच्या नावावर आहे, म्हणून पत्नी ज्या दिवशी स्थायिक म्हणून प्रवेश करील त्याच दिवशी गाडी आणणे सर्वांत निर्धोक. पीआर पक्की करण्यापुरते दोन दिवस येऊन परत जाणार असाल, तर पहिल्याच प्रवेशाच्या वेळी ‘मागाहून येणारे सामान’ या यादीत गाडी तिच्या व्हीआयएन (गाडीचा ओळख) क्रमांकासह नोंदवा. (त्याच यादीत दागिनेही लिहायचे असतात, पाटल्या-बांगड्यांचे फोटो काढून ठेवा.) माफीत आणलेली गाडी १२ महिन्यांच्या आत विकली तर माफ झालेली रक्कम भरावी लागते. लीजवरची गाडी या सवलतीत बसत नाही, कर्जावरची बसते.

माफी हुकली तर हिशोबच बदलतो, कारण एप्रिल २०२५ मध्ये कॅनडाने अमेरिकेतून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर नेहमीच्या शुल्काखेरीज २५ टक्के अधिभारही लावला.

पूल_ओलांडलेला:
वरील सल्ला योग्यच आहे, परंतु बहुतेकांची गाडी अडते ती कॅनडाच्या नव्हे, तर अमेरिकेच्या बाजूला. वापरलेली गाडी देशाबाहेर नेणे ही कायद्याने निर्यात आहे, मग ती तुमची स्वतःची का असेना. इतर मालाला कॅनडासाठी मिळणारी सूट गाडीला लागू नसल्यामुळे आधी एईएस या अमेरिकी निर्यात-नोंदणी प्रणालीत ऑनलाइन नोंद करून त्या नोंदीचा आयटीएन क्रमांक घ्यावा लागतो. नंतर सीमेवरच्या ज्या पुलावरून जाणार तिथल्या अमेरिकी कस्टम्सच्या निर्यात कार्यालयाकडे टायटल (गाडीच्या मालकीचा दाखला) आणि तो क्रमांक किमान ७२ तास आधी पोहोचवावा लागतो. ठरलेल्या दिवशी तिथे गाडी आणि मूळ टायटल दाखवायचे, शिक्का मारून घ्यायचा आणि मगच पुढे सरकायचे. हा शिक्का न घेता थेट पलीकडे गेल्यास दंड होऊ शकतो.

तुमच्या बाबतीत खरी मेख कर्जाची आहे. कर्ज असेपर्यंत बँकेने निर्यातीला दिलेली लेखी संमती लागते आणि असे पत्र द्यायला बँका सहसा राजी नसतात. थोडेच कर्ज उरले असेल तर ते आताच फेडा आणि टायटल हातात पडल्यावरच तारीख ठरवा.

ओंटारिओवासी:
कॅनडाच्या बाजूचे राहिले होते. ट्रान्सपोर्ट कॅनडा या सरकारी वाहतूक खात्याच्या ग्राह्य गाड्यांच्या यादीत आपले मॉडेल आणि वर्ष प्रथम पाहा. कोणते बदल करावे लागतील तेही तिथेच दिलेले असते. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे आणि चोरी रोखणारा इमोबिलायझर हे नेहमीचे दोन मुद्दे. सीमेवर गाडीच्या आयातीचा ‘फॉर्म १’ मिळतो. पुढे आरआयव्हीचे (आयात गाड्यांची नोंद करणारी यंत्रणा) शुल्क भरून रिकॉलची (दोष आढळल्याने कंपनीने सुचवलेल्या दुरुस्तीची) सर्व कामे झाल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि ४५ दिवसांच्या आत नेमून दिलेल्या केंद्रात तपासणी करून घ्यावी लागते. रिकॉलचे काम न्यू जर्सीतच उरकून घ्या. ओंटारिओची सेफ्टी तपासणी याहून वेगळी असून तिचे प्रमाणपत्र ३६ दिवसच चालते, म्हणून ते घाईने काढू नका.

हिशोबी:
माझे मत थोडे वेगळे आहे. काही कंपन्या अमेरिकेत घेतलेल्या गाडीची वॉरंटी कॅनडात मान्य करत नाहीत आणि पुढे विकताना मैलांचा ओडोमीटर पाहून गिऱ्हाईक भाव पाडते. वर्षभरात दुसरी गाडी घ्यायचा विचार असेल तर हीच तिकडे विकून या. ठेवणारच असाल तर अमेरिकी विमा कंपनीकडून आजवरच्या दाव्यांचे पत्र निघण्यापूर्वी मागून घ्या. ओंटारिओत विमा महाग आहे आणि त्या पत्रावाचून तुम्हाला नवशिक्या चालकाचा हप्ता लावला जाऊ शकतो.

एडिसनकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कर्ज या महिन्यातच फेडतो आणि गाडी पत्नीसोबतच आणतो. बफेलोजवळच्या पीस ब्रिजवर गर्दी दिसली तर ऐनवेळी लुईस्टनच्या पुलाकडे वळता येईल का?

पूल_ओलांडलेला:
नाही. कागद ज्या पुलावर दिले तिथूनच गाडी बाहेर पडली पाहिजे. निर्यात कार्यालयाच्या वेळा पुलागणिक वेगळ्या असतात आणि पूल चोवीस तास उघडा असला तरी ते कार्यालय तसे नसते. कागद पाठवण्याआधी फोन करून वेळ विचारा आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी पोहोचा.