जुन्या लष्करी विमानाचं लँडिंग गंडलेलं पाहिलंय का? अनुभव टाका

ओझरचा_पोरगा:
काल जुन्या हार्वर्डचा (पायलट शिकवायचं पंख्याचं विमान) व्हिडिओ बघितला, छान उतरलं आणि एकदम भोवऱ्यासारखं गरकन फिरून एका पंखावर बसलं. आमची ओझरची कॉलनीच आठवली. १९६४ ला मिग लढाऊ विमानांचा कारखाना ठरला, पप्पा तिथेच होते, मिग-२१ टेकलं की वेग कमी करायला मागची छत्री उघडायची आणि आम्ही गच्चीवरून "उघडलीऽऽ" ओरडायचो. पप्पांनी उत्तरेतल्या कुठल्यातरी तळावर न उघडलेली पण बघितलीये, ताशी तीनशेच्या आसपास टेकणारं धूड नुसत्या ब्रेकवर किती थांबणार, रनवे संपला आणि पुढच्या जाळीत जाऊन अडकलं. पायलट चालत आला. जळक्या टायरच्या वासाने पप्पांना दिवसभर जेवण गेलं नाही म्हणे. २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ पण रिटायर झालं, म्हणजे आता तेही व्हिंटेजच की! तुमचे, घरच्यांचे किस्से येऊ द्या.

जुना_फिटर:
हार्वर्ड असं गरकन फिरलं ना, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. हार्वर्डचं तिसरं चाक शेपटाखाली, वजन मोठ्या चाकांच्या मागे, त्यामुळे शेपूट जरा बाजूला गेलं की तेच पुढे यायला बघतं. हातगाडी उलटी ढकलून बघा, कळेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ट्रेनिंगच्या तळावर माझ्यासमोर झालं. उस्तादांनी आधी मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देतात ते) बंद केले, मग शिव्या. पोरगा उतरला तो थेट पंखाचं वाकलेलं टोक हाताने सरळ करायला लागला! तेव्हा कोणी हसलं नाही, रात्री मेसमध्ये हसलो.

सीबीएस_चौक:
आम्ही रोज चालत्या एसटीतून लँडिंग करतो, ते चालेल का 😄

निफाडची_द्राक्षवाली:
व्हिंटेज नाही आणि लँडिंगही नाही, पण ४ जून २०२४ ला सुखोई शिरसगावला शेतात पडलं ना, लोकसभेचा निकाल होता, सगळे टीव्हीपुढे, आवाज आला तर सासरे म्हणाले कुणीतरी जिंकलं वाटतं. दोन्ही पायलट वाचले.

नाशिकरोड_टू_कनेक्टिकट:
माझा कडू आहे. २ ऑक्टोबर २०१९, ब्रॅडली एअरपोर्ट. दुसऱ्या महायुद्धातलं बी-१७ बॉम्बर, नाव 'नाइन-ओ-नाइन', लोकांना पैसे घेऊन फिरवायचं. उडाल्यावर काही मिनिटांत एका इंजिनाची ताकद गेली, ते बंद करून परत फिरले, चाकं लवकर बाहेर काढल्याने वेग आणखी पडला, रनवेच्या अलीकडेच दिव्यांच्या खांबांना लागून टेकलं आणि घसरत जाऊन पेटलं. १३ पैकी ७ गेले, दोन्ही पायलट धरून. आम्हाला ऑफिसच्या खिडकीतून नुसता काळा धूर दिसला, कोणाला वाटलं गोडाऊन पेटलं. त्याच आठवड्यात मुलाला ते विमान दाखवायला न्यायचं ठरलेलं. त्याचं बी-१७ चं मॉडेल अजून कपाटावर आहे, इंजिनं न चिकटवलेलं.