आयटी ऑडिटरचं वार्षिक मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावं? (मदत हवी आहे)

अंतर्गत ऑडिट विभागात चार आयटी ऑडिटर आहेत, पैकी दोघं सिसा (CISA, आयटी ऑडिटचं प्रमाणपत्र) मिळवलेले. अप्रेझलच्या फॉर्मवर सध्या तीनच रकाने आहेत: किती ऑडिट केली, किती ऑब्झर्व्हेशन (ऑडिटमध्ये नोंदवलेले दोष) काढली, अहवाल मुदतीत दिला का. यातून कामाचा दर्जा कळत नाही. एचआरला मात्र आकडे हवेतच. काय मोजावं आणि कसं?

प्रतिसाद १
ऑब्झर्व्हेशनच्या संख्येचा रकाना आधी काढून टाका. त्याला गुण ठेवले की एका दोषाचे पाच तुकडे होतात. पाच सर्व्हरवर पासवर्डची तीच सेटिंग चुकलेली, म्हणून पाच ऑब्झर्व्हेशन. मूळ कारण एकातही नाही.

त्याऐवजी प्रत्येकाच्या दोन ऑडिटचे वर्किंग पेपर (तपासणीच्या नोंदी आणि पुरावे) त्या ऑडिटवर नसलेल्या माणसाला द्या. कुणालाही काही न विचारता त्याला तोच निष्कर्ष काढता यायला हवा. सॅम्पल कुठून उचललं ते सगळ्यात आधी बघायला सांगा. चेंज मॅनेजमेंट (सिस्टिममधले बदल मंजुरीनेच होतात का) तपासताना तिकिटांच्या (बदलासाठी नोंदवलेल्या विनंत्यांच्या) यादीतून २५ बदल घेतले तर मंजुऱ्या सापडणारच, कारण चोरून केलेल्या बदलाचं तिकीटच नसतं! यादी प्रॉडक्शनच्या (प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिमच्या) डिप्लॉयमेंट लॉगमधून, म्हणजे तिथे खरोखर झालेल्या बदलांच्या नोंदीतून काढायची आणि मग तिकिटाशी जुळवायची. इथे चुकणाऱ्याचं बाकीचं टेस्टिंगही उघडून बघा.

पुराव्यावर तारीख-वेळ, यूझर आयडी, चालवलेली क्वेरी आणि ओळींची संख्या हवी. आयटीने पाठवलेली नुसती एक्सेल जोडली असेल तर गुण कापा. फिल्टर लावून पाठवली का, हे कळायला मार्ग नसतो.

प्रतिसाद २
ऑडिटीचा (ज्यांचं ऑडिट झालं त्यांचा) अभिप्राय जपून घ्या. ‘समाधानी आहात का?’ विचारलं की कडक ऑडिटरचे गुण जातात. वागणूक आणि तथ्यांच्या चुका, एवढंच विचारा. पुरावा चुकीचा वाचल्याने मसुद्यातली किती ऑब्झर्व्हेशन मागे घ्यावी लागली, हा आकडा एचआरला देता येईल.

सिसावाल्यांना तीन वर्षांत १२० आणि दरवर्षी किमान २० तासांचं शिक्षण प्रमाणपत्र टिकवायला लागतंच. त्याचे वेगळे गुण नकोत. पुढच्या वर्षी क्लाउडचं ऑडिट असेल तर त्यातले किती तास क्लाउडवर गेले, ते पाहा.

धागाकर्ता
आभार. तेच ऑब्झर्व्हेशन पुढच्या वर्षी परत आलं तर दोष कुणाचा धरायचा?

प्रतिसाद १
दुरुस्तीच झाली नसेल तर ऑडिटरचा नाही. पण त्याने ‘क्लोज्ड’ लिहिलं असेल, तर कशाच्या आधारावर ते काढा. बहुतेकदा सुधारित पॉलिसीची पीडीएफ जोडलेली असते, सर्व्हरवरची सेटिंग कुणी पाहिलेलीच नसते.