अंतराळवीरांसाठी छोटं, झटपट उडणारं रॉकेट: हवं की नको?

तलावपाळी, ठाणे
गगनयानचं रॉकेट एलव्हीएम-३ ६४० टनांचं. तिघांना न्यायला उत्तम. पण वर यान निकामी झालं तर? नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनच्या अंतराळ स्थानकाला जोडलेल्या शेनझोऊ-२० यानाच्या खिडकीला तडे गेले. तिघं दुसऱ्या तुकडीच्या यानातून उतरले आणि स्थानकात उरलेल्यांसाठी २५ तारखेला रिकामं यान पाठवावं लागलं. उद्या आपलंही स्थानक असेल. इस्रोचं उपग्रह नेणारं छोटं रॉकेट एसएसएलव्ही मोजक्या माणसांनी, काही दिवसांत उडवता यावं म्हणूनच बनवलं. माणसासाठी तसंच का नको? अमेरिकेचे जॉन ग्लेन १९६२ मध्ये जेमतेम १२० टनांच्या अ‍ॅटलास रॉकेटवरून कक्षेत गेले होते!

महापे_शॉपफ्लोअर
एसएसएलव्हीही साधारण १२० टनांचंच, पण नेतं ५०० किलो. ग्लेन बसले ती कुपी साडेतेराशे किलोच्या आसपास होती. अ‍ॅटलासच्या टाक्या इतक्या पातळ पत्र्याच्या, की आत दाब नसेल तर मुडपायच्या. आणि ‘झटपट’ म्हणजे काय हो? मी वेल्ड तपासतो. लाल डाय लावायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर फवारून वाट बघायची. केसाएवढी लाल रेघ उमटली, म्हणजे तडा, की तो भाग बाजूला. माणूस बसणार असेल तर ही वाट बघणं मी एका मिनिटानेही कमी करणार नाही.

तलावपाळी, ठाणे
तपासणी कापा असं मी म्हणतच नाही. डिसेंबर १९६५ बघा. अमेरिकेचं दोघांचं यान जेमिनी-७ चार तारखेला उडालं, त्याच पॅडवरून अकरा दिवसांनी जेमिनी-६ए. रॉकेट दीडशे टनांचं टायटन-२. ही घाई नव्हती, तयारी होती.

ऐरोली_पूल
दादा, मधली १२ तारीख विसरलात. ६ए चं इंजिन पेटलं आणि सव्वा सेकंदात बंद झालं, एक प्लग वेळेआधी निसटला होता. शिरा आणि स्टॅफर्ड हे अंतराळवीर वर बसलेले. आसनासकट बाहेर फेकणारी इजेक्शनची कडी ओढायची की नाही, हे त्या क्षणी ठरवायचं होतं. ओढली नाही, वाचले, तीन दिवसांनी उडाले. द्रव इंधन होतं म्हणून बंद तरी झालं. एसएसएलव्हीचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे, पेटले की पेटले. आणि चीनचं रॉकेट काही छोटं नव्हतं, पावणेपाचशे टनांच्या वर. ते तयार ठेवलेलं होतं, एवढंच.

तलावपाळी, ठाणे
घन इंधनाचं पटलं, सोडलं. पण एलव्हीएम-३ ताटकळत कसं ठेवणार? वरच्या टप्प्यात उणे अडीचशे अंशांचा हायड्रोजन, तो उड्डाणाआधीच भरायचा. टायटनचं इंधन टाकीत राहू शकायचं आणि आपलं विकास इंजिन त्याच जातीच्या इंधनावर चालतं. इंधन विषारी आहे, मान्य. पण इंजिन विक्रोळीत, आपल्या लोकलच्या वाटेवर बनतं. २१ ऑक्टोबर २०२३ ला एकाच विकासवर गगनयानचं चाचणी-रॉकेट टीव्ही-डी१ उडालं. ५ सेकंद उरलेले असताना संगणकाने थांबवलं, चूक शोधली, दहा वाजता उडवलं. खाली तीन विकास, वर दोन आसनं, असा आराखडा मांडून तर बघा.

महापे_शॉपफ्लोअर
तीन विकास म्हणालात तर बसतो कागद घेऊन. पण आधी क्रू एस्केपचं, म्हणजे संकटात कुपी रॉकेटपासून दूर खेचणाऱ्या यंत्रणेचं, वजन धरा. उरलेल्या किलोंत आसनं एक की दोन, ते मग मोजू.