मदत हवी आहे: ट्रेसर प्रयोगात टेल कुठे कापायची? (केमिकल इंजिनिअरिंग, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट)

नमस्कार मंडळी,

नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात केमिकल शाखेला शिकवते. माझ्या एका गटाचा प्रोजेक्ट अडलाय. रिअ‍ॅक्टरवर किंवा ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) प्रत्यक्ष काम केलेल्या जाणकारांनी मदत करावी म्हणून हा धागा काढतेय.

अलीकडे बहुतेक प्रोजेक्ट सिम्युलेशनवरच होतात. सॉफ्टवेअर यायलाच हवं, नोकरीत लागतं. पण ठाणे-वाशी लोकलने येणारी ही मुलं रबाळे, तुर्भ्याचे कारखाने रोज खिडकीतून बघतात आणि स्वतःला पडलेल्या प्रश्नासाठी स्वतः काही मोजल्याशिवाय डिग्री घेऊन बाहेर पडतात, हे मला फार लागतं. या गटाने मोजायचंच ठरवलं, म्हणून त्यांचं काम अर्धवट राहू नये असं मनापासून वाटतं.

प्रयोग साधा आहे. 40 लिटरची टाकी, स्टरर, मिनिटाला 2 लिटर पाणी आत आणि तितकंच बाहेर. म्हणजे पाणी टाकीत सरासरी 20 मिनिटं राहायला हवं. इनलेटला मिठाचं द्रावण (हा आमचा ट्रेसर, म्हणजे पाण्याचा माग काढणारा पदार्थ) एकदम सोडायचं आणि आउटलेटला कंडक्टिव्हिटी मीटर धरून रीडिंग घ्यायची. आलेखावरून मीन रेसिडन्स टाइम, म्हणजे टाकीत राहण्याचा सरासरी वेळ, निघतो 15 मिनिटं. मुलांनी लगेच निष्कर्ष काढला: टाकीचा पाव भाग डेड झोन, म्हणजे पाणी नीट न फिरणारा कोपरा!

इथेच मी त्यांना थांबवलं. प्रॅक्टिकलच्या वेळेत फ्लो स्थिर करून झाल्यावर रीडिंगला 60 मिनिटंच उरतात. अगदी आदर्श सीएसटीआर (पूर्ण ढवळलेली, सतत वाहती टाकी) धरला, तरी 60 मिनिटांनी 5 टक्के मीठ आतच असतं. ही टेल, म्हणजे आलेखाचं शेवटचं लांब शेपूट, कापून मीन काढला तर तो 20 नाही, 17 च्या जरा खालीच येतो. शेवटचे थोडेच रेणू, पण प्रत्येकाचा वेळ मोठा, म्हणून सरासरीवर त्यांचा भार जास्त. म्हणजे 20 आणि 15 मधल्या 5 मिनिटांतली 3 आमच्या घड्याळाची. उरलेल्या 2 मिनिटांचं काय, हा खरा प्रश्न.

पुस्तकात सांगतात की टेलला एक्स्पोनेन्शियल (ठराविक दराने घटणारा) वक्र बसवा आणि पुढे वाढवा. माझं मन यालाच तयार होत नाही. कोपऱ्यात अडकलेलं पाणी हळूहळू बाहेर येतं, त्याची खूण टेलमध्येच उमटते. तीच आपण गृहीत धरून काढली, तर मोजलं काय? फ्लो दुप्पट केला तर टेल वेळेत मिळेल, पण मग टाकीतला प्रवाहच वेगळा होईल.

दुसरा पर्याय वॉशआउटचा. टाकी आधीच मिठाच्या पाण्याने भरायची, जोरात ढवळून सगळीकडे सारखं करायचं, मग नेहमीच्या आरपीएमवर आणून साधं पाणी सुरू करायचं. यात प्रत्येक रीडिंग सुरुवातीच्या रीडिंगने भागलं की आलेखाखालचं क्षेत्रफळ हाच मीन. हिशोब केला तर 60 मिनिटांवर थांबूनही आदर्श टाकीत 19 मिनिटं मिळतात, चूक बरीच कमी. हे कोणी करून पाहिलंय का? आरपीएम बदलल्यावर प्रवाह स्थिर व्हायच्या आधीच घड्याळ सुरू होतं, त्याने किती फरक पडतो?

आणखी एक शंका. मिठाचं द्रावण पाण्यापेक्षा जड. आमचा आउटलेट खाली आहे. स्टरर हळू असताना मीठ तळाशी बसून लवकर निसटत असेल, तर ती 2 मिनिटं डेड झोनची नसून घनतेची असतील. पातळ द्रावण जास्त वापरावं की खाण्याचा रंग आणि कलरीमीटरकडे वळावं? नळाच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी आम्ही वजा करतो आणि तापमानही नोंदवतो, कारण अंशाला साधारण 2 टक्क्यांनी रीडिंग हलतं.

मुलांना यात एवढा रस का, तेही सांगते. रेसिडन्स टाइमच्या या विषयाची मांडणी ब्रिटिश केमिकल इंजिनिअर डँकवर्ट्स यांनी 1953 मध्ये केली. पुढे केंब्रिजला त्यांच्याकडे पीएचडी करून प्रा. मनमोहन शर्मा माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), आले आणि 1990 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा धागा माटुंग्यापर्यंत येतो हे वर्गात सांगितल्यावर मुलांचे चेहरे खुलले.

पुढची पायरी म्हणून एखाद्या खऱ्या एरेशन टँकवर (सांडपाण्यात हवा सोडतात त्या टाकीवर) मोजायची इच्छा आहे. सांडपाण्याची कंडक्टिव्हिटी आधीच जास्त, तिथे मीठ चालणार नाही. लिथियम क्लोराइड टाकून फ्लेम फोटोमीटरवर मोजावं लागेल. महापे, पावणे, तळोजा भागात ईटीपी सांभाळणारं कोणी इथे असेल, तर परवानगीसाठी नेमकं कोणाला भेटायचं आणि प्लँटवाल्यांना पत्रात कोणत्या गोष्टी आधी स्पष्ट हव्या असतात, ते कृपया सांगा.

रीडिंगची एक्सेल फाइल तयार आहे. बघायची असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लगेच पाठवते. पुढचा प्रयोग शनिवारी लावणार आहोत, त्याआधी वॉशआउटबद्दल कोणी बोललं तर मीठ आणि टाकीची तयारी तशी करता येईल.